अनुपान

मराठीत शास्त्रज्ञांची चरित्रे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बरीचशी आम्ही वाचली आहेत. वाचावी लागली, असे म्हणणे अधिक खरे. कारण निबंधस्पर्धांचे परीक्षण वर्षानुवर्षे आमच्याकडे येते आणि विद्यार्थ्यांचे निबंध याच चरित्रांवर पोसलेले असतात. त्यांचा घाट ठरलेला असतो. लहान गाव, कंदिलाचा उजेड, एखादा जाणता शिक्षक, शिष्यवृत्ती, परदेशगमन, प्रयोगशाळेतील एक जागलेली रात्र, शोध, आणि मग शाल-श्रीफळ. शोध लागला की कथानक संपते, जसे जुन्या नाटकांत लग्न लागले की पडदा पडे. औषधांच्या बाबतीत हा घाट फारच अपुरा आहे. रेणू सापडणे आणि त्याचे औषध होणे या दोहोंत कधी कधी तीस वर्षे जातात. संशोधकाचे उमेदीचे आयुष्य त्या तीस वर्षांतच सरते. चरित्रकार मात्र तेवढी पाने एका परिच्छेदात उरकतो.

भोरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्याने औषधी रसायनशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीवर लिहावे, याचे वाचकांना थोडे नवल वाटेल. त्याचे कारण पुढे ओघाने येईल. आधी त्या माणसाविषयी.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली खानदेशातील नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राच्या पदव्या घेऊन ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले, तेथे डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. वॉल तेथे दोनच वर्षे आधी आलेले होते. त्यापूर्वी ते अमेरिकी कृषी खात्यात होते आणि तेथेच त्यांच्या हाती एका चिनी झाडाचा अर्क लागला होता. कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा हे त्या झाडाचे नाव. अर्क प्रायोगिक कर्करोगावर विलक्षण गुणकारी दिसत होता. पण अर्क म्हणजे शेकडो पदार्थांचा काढा. त्यातील नेमका कोणता रेणू काम करतो हे शोधून काढणे, तो शुद्ध करणे आणि त्याची रचना ठरवणे, हे काम नव्या संस्थेत सुरू झाले. १९६६ साली ते पुरे झाले. रेणूचे नाव ठेवले कॅम्प्टोथेसिन.

ज्या शोधनिबंधात हे जाहीर झाले त्याच्या मथळ्याने आम्हांला प्रथम या माणसाकडे ओढले, हे सांगितले पाहिजे. ‘वनस्पतिजन्य अर्बुदरोधके : एक’ असे त्या मथळ्याच्या आरंभीच्या भागाचे मराठी होईल. एक! म्हणजे पहिला निबंध लिहितानाच पुढचे निबंध येणार असे गृहीत धरलेले. १९७१ साली याच मालेतील सहावा निबंध आला. त्याचे पहिले लेखक वाणी होते, आणि त्यात पॅसिफिक यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉल या रेणूची रचना होती. १९८० मध्ये अठरावा आला, आणि त्या दशकात माला विसाच्या पुढे गेली. आमच्याकडे नियतकालिकांत क्रमशः कादंबऱ्या छापून येत. वाचक अंकाची वाट पाहत. येथे मात्र वाट पाहणारे जवळजवळ कोणी नव्हते. सहाव्या निबंधातील टॅक्सॉल पुढे जगातील सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या औषधांपैकी एक ठरले. पण तो निबंध छापून आला तेव्हा आणि नंतरही काही वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. रेणू अवघड, साल दुर्मीळ, पाण्यात विरघळत नाही. १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी हा रेणू पेशीविभाजन नेमके कसे रोखतो ते दाखवले, तेव्हा माना वळल्या. १९९२ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. तोवर वाणी सदुसष्ट वर्षांचे झाले होते. शिवाय वॉल यांनी ठेवलेले टॅक्सॉल हे नाव एका औषध कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह झाले आणि रेणूला पॅक्लिटॅक्सेल असे दुसरे नाव घ्यावे लागले. ज्यांनी बारसे केले त्यांच्याच हातून नाव गेले! साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यावर विचार करावा. असो.

आम्हांला मात्र टॅक्सॉलपेक्षा कॅम्प्टोथेसिनची कथा अधिक जवळची वाटते, कारण ती अपयशाची आहे.

या रेणूत पाच कडी एकमेकांना जोडलेली असतात. चार कडी सपाट, स्थिर. पाचवे मात्र नाजूक. त्याला रसायनशास्त्रात लॅक्टोन म्हणतात. रेणूचे सामर्थ्य याच पाचव्या कड्यात. ते मिटलेले असेल तर औषध काम करते, उघडले तर करत नाही. आणि अडचण अशी की मिटलेल्या रूपात हा रेणू पाण्यात विरघळतच नाही. शिरेतून द्यायचे औषध पाण्यात विरघळलेच पाहिजे. म्हणून सत्तरच्या दशकाच्या आरंभी रुग्णांवर चाचण्या झाल्या तेव्हा सोयीचा मार्ग पत्करला गेला : पाचवे कडे उघडून रेणूचे सोडियम क्षार केले. ते पाण्यात छान विरघळले. पण म्हणजे काय केले? जे रूप शिरेत जाऊ शकत होते ते निकामी होते, आणि जे कामाचे होते ते शिरेत जाऊ शकत नव्हते. गुण फारसा आला नाही, उपद्रव मात्र भयंकर झाला. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. मूत्र आम्लधर्मी असते, आणि आम्लात ते उघडलेले कडे पुन्हा मिटते. म्हणजे औषध जेथे जागे व्हायला हवे होते तेथे निजले आणि जेथे त्याचे काही काम नव्हते तेथे जागे झाले. चाचण्या थांबवण्यात आल्या. कॅम्प्टोथेसिन फडताळात गेले.

आमच्या लहानपणी गावात येणारे वैद्य पुडी देताना मधातून, तुपातून की कोमट पाण्यातून घ्यायची ते बजावून सांगत. त्याला अनुपान म्हणतात. मात्रा तीच, पण अनुपान बदलले की गुण बदलतो, असे त्यांचे म्हणणे असे. औषधनिर्मितीच्या आधुनिक शास्त्रात औषध शरीरात योग्य जागी, योग्य रूपात पोचवण्याची जी मोठी शाखा आहे, तिच्यासाठी आम्हांला या जुन्या शब्दाहून चांगला शब्द सुचत नाही. येथे लगेच खुलासा करतो, कारण हल्ली तो करावा लागतो : सारे काही आमच्या पूर्वजांना ठाऊक होते, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. मधाचा चमचा आणि लॅक्टोनचे कडे यांत केवळ शब्दापुरते साम्य आहे. पण शब्द तयार असला की प्रश्न लवकर दिसतो, एवढे मात्र खरे. सत्तरच्या दशकात कॅम्प्टोथेसिन हरले ते अनुपानात हरले.

वॉल आणि वाणी यांनी फडताळ बंद केले नाही. रेणूच्या कोणत्या भागाला हात लावला तर शक्ती जाते आणि कोणत्या भागाला लावला तर चालते, याचा नकाशा ते वर्षानुवर्षे काढीत राहिले. पाचवे कडे मोडता कामा नये. त्यावरील एका विशिष्ट कार्बनची मांडणी डावी असेल तर रेणू जिवंत, उजवी असेल तर जवळजवळ मृत. पहिल्या कड्यावर मात्र काही जोडता येते. औषधाची रचना करणे म्हणतात ते हेच. एखाद्या जुन्या पोथीचे पाठभेद लावणाऱ्या संपादकाचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या कामाची जात लगेच कळेल. एक अक्षर बदलायचे आणि अर्थ उरतो का ते पाहायचे, शंभरदा, दोनशेदा.

१९८५ साली एक गोष्ट उलगडली. पेशीत डीएनएचा पीळ सोडवणारे टोपोआयसोमरेज नावाचे वितंचक असते. ते एक धागा कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके सांधण्याच्या क्षणी मध्ये जाऊन बसते. धागा तुटलेलाच राहतो आणि वेगाने विभागणारी पेशी मरते. ही रीत कळल्यावर औषध कंपन्या परतल्या. १९९६ मध्ये अमेरिकेत टोपोटेकनला मान्यता मिळाली. इरिनोटेकन हे दुसरे रूप जपानमध्ये १९९४ सालीच आले होते. ते याकुल्ट या कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले, म्हणजे पुण्याच्या दुकानांत ज्यांच्या ताकासारख्या पेयाच्या चिमुकल्या बाटल्या मिळतात त्यांच्याच. इरिनोटेकनची युक्ती अशी की ते स्वतः फारसे विषारी नाही आणि पाण्यात विरघळते. शरीरात गेल्यावर, मुख्यतः यकृतात, त्याची जोडलेली शेपटी कापली जाते आणि आतला तिखट रेणू बाहेर पडतो. रसायनशास्त्रज्ञ याला प्रोड्रग म्हणतात. १९६६ ते १९९६ : तीस वर्षे.

आता आमच्या डोंगरांकडे वळू.

कॅम्प्टोथेसिन चिनी झाडात सापडले, पण ते तेथेच आहे असे नव्हे. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी ते आपल्या सह्याद्रीतील एका झाडात असल्याचे, आणि भरपूर असल्याचे, दाखवून दिले. त्या झाडाला मराठीत नरक्या म्हणतात. फुले फिकट पिवळसर, दिसायला साधी. वास मात्र असा की नावाचे समर्थन करावे लागत नाही. त्या वेळी प्रचलित असलेल्या लॅटिन नावातही दुर्गंधच होता. आजच्या नावात दुर्गंध नाही, जोसेफ निम्मो आहे. ग्रॅहॅमची मुंबई इलाख्यातील वनस्पतींची १८३९ ची यादी ग्रॅहॅमच्या निधनानंतर ज्याने पुरी केली तो हा निम्मो. घाटमाथ्यावरच्या दाट रानांत, महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला, नरक्या वाढतो. भोरहून वरंधकडे जाताना रानात शिरलेल्या गुराख्यांना तो ठाऊक असतो, आणि आम्हांलाही तो प्रथम एका गुराख्यानेच नाक धरून दाखवला. भोर आणि वेल्हे हा सगळा मावळांचा मुलूख. हिरडस मावळ या नावात हिरडा अजून ऐकू येतो. (वेल्ह्याला राजगड तालुका असे नाव देण्यात आले आहे. ते योग्यच; पण एसटीत तिकीट मागताना लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच येते.) या मुलखाचे किल्ले सर्वांना माहीत असतात, झाडे कोणाला माहीत नसतात.

आमची थोरली बहीण, आक्का, गुंजवणीच्या खोऱ्यातील एका वाडीत नांदत होती. २०१२ च्या पावसाळ्यात तिला मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे पसरल्याचे दिसल्यावर पुण्याच्या एका रुग्णालयात जी औषधे सुरू झाली त्यांत इरिनोटेकन होते. दर पंधरा दिवसांनी वाडीतून पायी रस्त्यापर्यंत, तेथून जीपने चेलाडीला, तेथून पुण्याला. पावसाचा जोर असेल तेव्हा पहिला टप्पा तिला पाळण्यात बसवून चार माणसे पार पाडीत. औषध नव्वद मिनिटांत शिरेतून जाई. ते शिरेपर्यंत यायला मात्र अर्धा दिवस लागे.

डॉक्टरांनी जुलाबांविषयी आधीच बजावले होते. त्याचे कारण आम्ही नंतर वाचले आणि वाचून थक्क झालो. यकृत त्या तिखट रेणूला साखरेसारखा एक तुकडा जोडून निकामी करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडून देते. पण आतड्यातील जिवाणू तो तुकडा खाण्यासाठी तोडून घेतात, आणि रेणू पुन्हा मोकळा होतो, आतड्याच्या अस्तरावर तुटून पडतो. मूत्राशयाचीच जुनी गोष्ट, दुसऱ्या जागी. हे आम्ही आक्काला सोपे करून सांगितले. ती म्हणाली, “म्हंजी विझवलेला इस्तू पोटात जाऊन परत पेटतोय म्हण की.” शास्त्राच्या अनेक पुस्तकांत याहून चांगले वाक्य आम्हांला मिळालेले नाही. ज्या घरात पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचे त्या घरात दिवसाला आठ-दहा जुलाब म्हणजे काय, हे मात्र पुस्तकांत नसते. ते पाणी तिच्या सुनेने आणले.

एकदा तिने विचारले, “मास्तर, ह्ये अवशीद कशाचं रं?” आम्ही नरक्याचे नाव घेतले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्येची लाकडं तुझ्या दाजींनी तोडल्याती.”

हे आम्हांला ठाऊक नव्हते. नव्वदच्या दशकात, इकडे औषधाला मान्यता मिळत असताना, सह्याद्रीत ठिकठिकाणी नरक्याची तोड सुरू झाली होती. लाकडाचे तुकडे पोती भरून जात आणि त्यातून काढलेला माल परदेशी जाई. त्या तोडीमुळे झाड इतके घटले की आज ते धोक्यात आलेल्या वनस्पतींत मोजले जाते. दाजींना ठेकेदाराच्या माणसांनी किलोवर पैसे दिले होते. झाड कशाला लागते ते कोणी सांगितले नव्हते. रंगाला लागते, असे त्यांना वाटे. मूळही खणून न्यायचे, कारण मुळात माल अधिक. मूळ नेल्यावर झाड पुन्हा फुटत नाही. आक्काच्या शिरेत गेलेले औषध याच डोंगरातून निघाले होते, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर गोष्ट फार गोंडस होते आणि तिला पुरावा नाही. पण दाजींनी तोडले ते झाड आणि आक्काच्या बाटलीतला रेणू एकाच कुळातले होते, इतके नि:संशय. तिला त्याचे दुःख झाले का, ते आम्ही विचारले नाही. ती एवढेच म्हणाली की तेव्हा त्या पैशांत थोरल्याची फी भरली होती.

ज्ञानाच्या इतिहासात असे हिशेब नोंदवायचे कोठे, हा प्रश्न आम्हांला तेव्हापासून सुटलेला नाही. वाणी यांच्यावर त्याचा दोष जात नाही. त्यांनी एक रेणू शोधला आणि त्याचा नकाशा काढला. पण यूच्या सालीसाठीही अमेरिकेत हजारो वृक्ष सोलले गेले, आणि सोललेला वृक्ष मरतो. तेथे निदान त्यावर जाहीर वाद झाला आणि युरोपातील यूच्या पानांतून मिळणाऱ्या पदार्थापासून औषध बनवण्याची रीत शोधली गेली. पाने पुन्हा येतात. नरक्यासाठीही प्रयत्न झाले. २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी या झाडाच्या सालीत राहणारी एक बुरशीच कॅम्प्टोथेसिन बनवते असे दाखवले. तो मार्ग आशेचा आहे. पण तो निघाला तोवर आमच्याकडचे मोठाले नरक्ये गेले होते.

आक्का २०१४ च्या उन्हाळ्यात गेली. औषधाने तिला सुमारे पावणेदोन वर्षे दिली, असे डॉक्टर म्हणाले. त्यांतील चांगले किती आणि वाईट किती, हे तीच सांगू शकली असती. नातीच्या लग्नात मात्र ती उभी होती.

वॉल २००२ मध्ये वारले. त्यापूर्वी २००० साली दोघांना केटरिंग पारितोषिक मिळाले होते. वाणी ९५ वर्षे जगले आणि एप्रिल २०२० मध्ये, जग घरांत कोंडलेले असताना, गेले. त्याच महिन्यात अमेरिकेत स्तनाच्या एका कर्करोगावर एक नवे औषध मान्य झाले. त्यात एका प्रतिपिंडाला इरिनोटेकनच्या पोटातलाच तो तिखट रेणू बांधलेला आहे. प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीवरील खूण ओळखून तेथे जाते आणि ओझे बव्हंशी तेथेच उतरवते. त्याच्या आदल्याच वर्षी जपानी संशोधकांनी घडवलेले अशाच जातीचे दुसरे औषध आले होते. त्यात एकेका प्रतिपिंडाला कॅम्प्टोथेसिनच्या वंशातले सुमारे आठ रेणू जोडलेले असतात. मध्ये, २०१५ साली, मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेले इरिनोटेकनही आले. उपद्रव यांतही आहेत, जुलाब पूर्ण सुटलेले नाहीत. किंमत तर आमच्या तालुक्यात उच्चारूही नये अशी. पण १९६६ साली सापडलेला रेणू अजून तोच आहे. पन्नास वर्षे माणसे त्याचे अनुपान शोधत आहेत.

मागील वर्षी पदवीच्या वर्गात परिभाषा शिकवताना आम्ही हा सारा वृत्तान्त सांगितला आणि औषध वाहून नेणाऱ्या या रचनांना मराठी शब्द सुचवा असे म्हटले. ‘अनुपान’ आम्ही मुद्दामच आधी फळ्यावर लिहिला नाही. औषधवहन, वाहक, निरोप्या, पोस्टमन असे शब्द आले. मागच्या बाकावरून वेल्ह्याकडची एक मुलगी म्हणाली, “सर, पाळणा.” शहरातून आलेल्या मुलांना वाटले ती लहान मुलाच्या पाळण्याविषयी बोलते आहे, तिने समजावून सांगितले की आजारी माणसाला वाडीतून खाली नेतात तो. एका मुलाने हरकत घेतली, की पाळण्यातून माणूस औषधाकडे जातो, औषध माणसाकडे येत नाही, तेव्हा अर्थ उलटा होतो. ती म्हणाली, आमच्याकडे तोच सुलटा आहे. यावर वर्गात पुष्कळ बोलणे झाले आणि ठरले काहीच नाही. मग आम्ही ‘अनुपान’ लिहिला. त्याला दोनच मते पडली.

‘पाळणा’ आम्ही आमच्या वहीत उतरवून घेतला आहे.